आगबोट चुकली त्याचा खुलासा

दुबई,
मोहरमचा महिना

जनाब अलीमियाँ मामू यांच्या खिदमतीत यूनुसचा अदबीने सलाम. मैमुनाबी मामींनाही सलाम. मी इथे बरा आहे, म्हणजे खातोपितो आणि कामावर जातो, यापलीकडे बरं असण्याचं तोंड मला उरलेलं नाही. तुमचे गुडघे आता कसे आहेत? मामींचा दमा पावसात वाढला तर नाही ना? म्हैस व्याली का, आणि गेल्या वर्षीसारखं यंदाही वानरांनी फणस आधी खाल्ले की तुमच्या हाती काही लागले? (पत्र मुद्दाम मराठीत लिहितोय. उर्दूत लिहिलं असतं तर चष्मा नाही म्हणून तुम्ही ते मशिदीत खतीबसाहेबांकडे नेलं असतं, आणि त्यांचा आवाज केवढा आहे हे आपल्याला ठाऊक आहे. माझी इज्जत जेवढी उरलीय तेवढी घरातच राहू द्या.)

मामू, तुम्ही रागावला आहात आणि ते बरोबरच आहे. बकरीदनंतर आणि मोहरमच्या आत निकाह ठरलेला, मांडव पडलेला, देग चढवायची तयारी, जमात गोळा आणि नवऱ्याची तार आली, 'आगबोट चुकली, माफी असावी.' तारेत याहून जास्त मावत नाही. खतीजाफुफूने कळवलं की तुम्ही चारचौघांत बोललात, ज्या पोराला स्वतःच्या निकाहाला यायला जमत नाही त्याला मी माझी अन्वरी देत नाही, पावसाळा संपला की दुसरीकडे बघेन. हे वाचलं तेव्हापासून माझ्या हाताला चव नाही. बडे साहेबांनी काल विचारलं की खानसामा बदलला काय. म्हणून हा खुलासा. थोडा लांब आहे, पान खाऊन निवांत बसा.

आमचे बडे साहेब नॉर्वे नावाच्या मुलखाचे इंजिनियर, हे मागे लिहिलंच होतं. त्यांचा धाकटा भाऊ ओडवार फाल्गुनात इथे आला. त्याचा धंदा काय, तर बर्फावरून चालणं. हसू नका. लाकडाच्या दोन लांब, अरुंद फळ्या पायांना बांधायच्या, दोन्ही हातांत काठ्या घ्यायच्या, आणि चढ असो सपाटी असो, जंगलातून कोसच्या कोस पळत सुटायचं. पाठीमागे वाघ नाही, पुढे बाजार नाही, तरी माणूस पळतोय. आणि त्यात शर्यती! याने हिवाळ्यात घोटा मोडून घेतला होता. पुढच्या हिवाळ्यात मोठी शर्यत, त्याच्या आधी पाय धड झाला तर संघात, नाहीतर खलास. कुणी सांगितलं की मऊ वाळूवर सराव केला तर घोट्याला बरं, म्हणून स्वारी फळ्या खांद्यावर टाकून दुबईत. भरली विहीर सोडून वणव्यात पाणी शोधायला यावं तसला प्रकार.

बडे साहेब दिवसभर कामावर, तेव्हा भावाला सांभाळायचं कुणी? यूनुसने. सकाळी तो वाळूच्या टेकड्यांवर फळ्या घालून खरडत चाले आणि मी मागून पाण्याची बाटली, छत्री आणि टॉवेल घेऊन. बदू लोक उंट थांबवून बघत. एका म्हाताऱ्याने मला विचारलं की हा बिचारा जन्मापासून असाच आहे का. ओडवार मात्र मला 'ट्रेनर' म्हणायचा. मामू, आयुष्यात मला कुणी 'अरे यूनुस' याच्यापलीकडे काही म्हटलेलं नाही. मी चढलो हरभऱ्याच्या झाडावर. आता ट्रेनरने काहीतरी करायला नको का? मी बघितलं, इथल्या उन्हात फळ्या सुकून तडकायला लागल्या होत्या. आपण तांडेलाच्या खानदानातली माणसं. होडी वर ओढली की लाकडाला मुशी माशाचं तेल पाजायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. साहेब दुपारी झोपलेला बघून मी दोन्ही फळ्यांना खालून-वरून असं तेल पाजलं की नवी होडी लाजावी.

संध्याकाळी आम्ही निघालो ते वरातीने. मासळीबाजारातली एकूण एक मांजर आमच्या मागे. ओडवारला वाटलं, इथल्या मांजरांना माणसाचा लळा आहे, तो खूश. टेकडीच्या माथ्यावरून त्याने झोकात अंग लोटलं. पण तेलाला वाळू चिकटते हे माझ्या खानदानाला ठाऊक असायचं कारण नव्हतं, आपण होड्या वाळूवर पळवत नाही. निम्म्या उतारावर फळ्या थांबल्या, साहेब थांबला नाही. तो तोंडावर, घोटा पुन्हा मुरगळलेला, आणि मांजरं फळ्या चाटताहेत. डॉक्टर म्हणाला, पायावर भार नाही, फक्त हातांचा व्यायाम. त्या रात्री ओडवार जेवला नाही. मला एका शब्दाने बोलला नाही, मामू. दोन शिव्या घातल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो. उलट म्हणाला, तुझ्या मनात चांगलंच होतं. हे वाक्य माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं ते अजून आहे.

मग हातांसाठी मीच उपाय काढला. श्रीवर्धनकडचा हमदुल्ला इथल्या खाडीवर अब्रा चालवतो, म्हणजे होडी, आपल्याकडची 'तर'च म्हणा ना, या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी. त्याच्या वल्ह्यांवर मी ओडवारला बसवलं. हमदुल्ला फळीवर आडवा होऊन बिडी ओढतोय आणि हा सहा फुटी गोरा वल्ही मारतोय. अरबांच्या म्हाताऱ्या बकरी घेऊन बसायच्या आणि 'यल्ला, यल्ला' करून त्याला हाकायच्या. तो आणखी जोरात मारायचा. एका पठाणाने उतरताना माझ्या कानात विचारलं, अंगरेजों का इतना बुरा दिन कब आया? (तो अंगरेज नाही, हे सांगून उपयोग नव्हता.) बाकीचे तरवाले कुरकुरायला लागले, कारण गोऱ्याच्या होडीत बसायला माणसं रांग लावत. असा सगळा तमाशा, पण मजा होती. ओडवारचे दंड भरले, जेवण वाढलं, आपली कुळथाची पिठी तो दोनदा मागून घ्यायला लागला. फक्त पाय टेकायला घाबरायचा. कधी कधी वऱ्हांड्यात बसून नुसता घोट्याकडे बघत राहायचा, आणि मी आत कांदा चिरत त्याच्याकडे.

आता मुद्द्याचं. आगबोट बाहेर समुद्रात उभी राहते आणि तिच्याकडे नेणारी लाँच पलीकडच्या काठावरून सुटते. बकरीदच्या चांदाची आठवी तारीख होती. माझी ट्रंक बांधून तयार: शेरवानी, अत्तर, मामींसाठी थर्मास, अन्वरीसाठी काय ते लिहीत नाही. ओडवार म्हणाला, तुझ्या लग्नाला मी येऊ शकत नाही, निदान पलीकडे मीच सोडणार. हमदुल्लाची होडी मागून घेतली, आम्ही दोघंच. आणि मधोमध आलो तोच भरतीची अशी धार लागली, मामू, की होडी धक्क्याकडे न जाता सरळ खाडीच्या आत. साहेबाने वल्ही मारमार मारली, पण पाण्यापुढे कुणाचं चालतं? आत, जिथे गुलाबी पाय असलेले पक्षी उभे असतात, तिथे गाळात रुतलो. तिथे मला आगबोटीचा भोंगा ऐकू आला. पुढची बोट धरून आलो असतो तर मोहरम लागला असता, आणि त्यात आपल्याकडे निकाह लावत नाहीत. असं हे झालं. माणूस काय करणार, सगळं अल्लाच्या मर्जीने. ओडवारचा घोटा बरा झाला, गेल्या आठवड्यात तो विमानाने गेला.

तरी पोराची चूक पदरात घ्यावी. पाऊस संपताच पहिल्या बोटीने येतो. मोठ्या माणसांचे पाय दुरूनच धरतो आणि पत्र पुरं करतो.

आपला,
यूनुस

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. मी तारीख लिहून बसलोय. तुम्ही उभा जन्म तांडेलकी केली, तुमच्यापासून काय लपणार? चांदाची आठवी म्हणजे भांग, भरती-ओहोटी सगळ्यात मंद असते तो दिवस. उधाणाची धार त्या दिवशी कुठून येणार, खाडी नुसती मुरदाड पडलेली असते. पान फाडून नवं लिहिता आलं असतं, पण तांडेलाला भरतीची थाप मारून त्याची लेक मागायची, हे मला पटेना. धार नव्हती, मामू.

ता. क. दुसरी. तर झालं असं. वल्ही मारताना पाय समोरच्या फळीला रेटावे लागतात. ओडवार आतापर्यंत एकाच पायाने रेटायचा. त्या दिवशी मधोमध त्याने चुकून दुसराही रेटला, आणि थांबला. मग पुन्हा रेटला. "यूनुस, दुखत नाही!" एवढंच म्हणाला आणि सुटला. धक्का मागे गेला तरी त्याला भान नाही. मोठ्याने त्याच्या भाषेतलं गाणं म्हणतोय, डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि मी ट्रंकेवर बसून बघतोय. 'थांब' म्हणायचं होतं, मामू, एक शब्द. त्याला माहीतच नव्हतं लाँच कधी सुटते, आजही माहीत नाही (लाँच वेळेआधीच सुटली, असं मी त्याला सांगितलं). तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. म्हटलं, अजून चार हात मारू दे, मग सांगतो. मग आणखी चार. मामी नेहमी म्हणायच्या, यूनुस, भीड भिकेची बहीण. भीड मला नडली, पण नुसती भीड नव्हती. त्याचा आनंद माझ्यासमोर बसला होता, तोंडासमोर. अन्वरीचा समुद्रापलीकडे होता. जो दिसला तो मी राखला, आणि जिच्या हाताला मेंदी लागायची होती तिचा बुडवला. याची मला लाज वाटते आणि रात्रंदिवस वाईट वाटतं. एवढा भाग अन्वरीला वाचून दाखवा आणि थांबणार का ते तिलाच विचारा. ती नाही म्हणाली तर तिचं बरोबर आहे, मी कुणाला दोष देणार नाही.

ता. क. तिसरी. ती हो म्हणाली तर, इन्शाल्ला, पासपोर्टचं आत्तापासूनच बघायला हवं. त्याला फोटो लागतात. मामींना सोबत देऊन तिला रत्नागिरीला फोटोवाल्याकडे न्या. (मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा ती एवढीशी होती आणि माझ्यावर कच्ची चिंच फेकत होती. आता कशी दिसते मला ठाऊक नाही.) कागदाला दोन प्रती लागतात, पण तुम्ही तीन काढा. तिसरी माझ्याकडे राहू दे. पुढच्या वेळी होडीत बसलो की मी ती माझ्यासमोर धरून बसेन.