अकरा खुर्च्या

१ मार्च

ती. अक्कास,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

उत्तराला तीन आठवडे लावले, माफ कर. कारण ऐकून हसशील. चंद्राकडे निघालेल्या त्या यानावर मी लक्ष ठेवून आहे. माझ्यावाचून ते वाट चुकेल असं नाही, पण मला घास गोड लागत नाही. एकतीस वर्षं लिफ्ट चालवली, माझी झेप सातव्या मजल्यापर्यंत. आणि आता वहीत यानाचा वेग लिहून ठेवतो! सगळी इमारत मला ‘कंट्रोल रूम’ म्हणते.

परवा तर फजितीच झाली. यान चार वाजता चंद्राभोवती फिरू लागणार म्हणून जिन्यापाशी टीव्ही आणला, अकरा खुर्च्या मांडल्या, सगळ्यांना बोलावलं. मोबाइलवर वाचलेली वेळ परदेशी घड्याळाची निघाली. दोन तास सगळ्यांनी साबणाच्या जाहिराती पाहिल्या. शेवटी शिंपीणबाईंनी विचारलं, यान साबण आणायला गेलंय का?

आता ते बारा तारखेला सकाळी अकराला उतरणार. शेवटची पंधरा मिनिटं जीवघेणी. यान आपलं आपण उतरतं. पृथ्वीवरची शिकलेली माणसंही तेव्हा नुसती हात चोळत बसतात.

तुझं हृदयाचं ऑपरेशन बारा तारखेलाच, हे लक्षात आहे. पण माझी कंबर धरली आहे, प्रवास झेपेलसं दिसत नाही. राग मानू नकोस.

तुझा
धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर नेमकी कधी धरते ते मी साठ वर्षं पाहते आहे. आई दवाखान्यात होती तेव्हाही तू लिफ्टला तेल घालत बसला होतास. ऑपरेशनच्या खोलीच्या दारापाशी बसायची तुला भीती वाटते. मलाही आत जायची वाटते. डॉक्टर म्हणाले, दहातले नऊ बरे होऊन घरी जातात. तेव्हापासून मी त्या दहाव्याचाच विचार करते आहे.

सूनबाई येणार आहे, पण ती फार शांत मुलगी. मला बाहेर काळजी करणारं माणूस हवं, आणि त्या कामात तुझा हात धरणारा कुणी नाही. नुसता हात चोळत बस. हवी तर वही आण.

तुझी
अक्का

१७ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

काल सुखरूप पोचलो. कंबर ठीक आहे, तिचं नाव काढू नकोस.

तू बेशुद्ध होतीस म्हणून सांगतो. दारावर लाल दिवा होता. मी दर पाच मिनिटांनी वहीत लिहीत होतो: दहा पाच, लाल. दहा दहा, लाल. नर्सनं विचारलं, आपण कोणत्या खात्याकडून आलात? सूनबाईनं सांगितलं, मामा कंट्रोल रूमचे आहेत. मग तीच शेजारी बसून मला वेळ सांगू लागली. शांत कसली, एकच वेळ दोन-दोनदा सांगत होती. दिवा विझला तेव्हाची नोंद वहीत नाही. पेन खाली पडलं होतं.

यानाची आठवण झाली ती थेट घरी, जिन्यापाशी खुर्च्या पाहून. त्या दिवशी अकराच्या अकरा भरल्या होत्या, टाळ्या वाजल्या. बोलावणारा तेवढा गैरहजर. शिंपीणबाईंनी मला सगळं समजावून सांगितलं, जणू मीच आज पृथ्वीवर आलो. यान उतरलं, पण कलंडलं. आडवं पडून आहे, तरी रोज खबर पाठवतं.

तूही सध्या आडवीच आहेस. तुझा लोभ आहे हे मला ठाऊक आहे, पण नुसतं ठाऊक असून माझं भागत नाही. सूनबाईच्या हातून का होईना, दोन ओळी लगेच पाठव.

तुझा
धाकटा