हळकुंड आणि विलायती घड्याळ

राहाता, ता. ९ मार्च १९४५

सौ. कडूबाई विहीणबाईंना रतनबाईचा नमस्कार, वि. वि.

आम्ही सर्व खुशाल. तुमच्या बनूला मुराळ्याबरोबर धाडली आहे. तिला परत न्यायला कुणी येईल म्हणून वाटेकडे डोळे लावू नका. लग्नात आम्ही डोरलं घातलं, जोडवी घातली, तेव्हापासून बाईसाहेबांच्या मानेला आणि पायाच्या बोटांना पुरळ, खाज, पाणी! तेही सोसलं. पण परवा पाहते तो डोरलं खुंटीला आणि गळ्यात पिवळ्या दोऱ्यात हळकुंड. नवरा ब्रह्मदेशात गोळ्यांच्या तोंडी, आणि सून डोरलं उतरवून बसते! माझ्या गहिनीनाथाला काही झालं तर तुम्ही भरून देणार का? गावात बाया महारोग म्हणतात. असली कातडी आमच्या घराण्यात कुणाची नाही. तुमच्या कोरडवाहू रानात राजकन्या पिकतात, हे आधी सांगायचं होतं.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नये ही विनंती.

रतनबाई

मिरजगाव, ता. २२ मार्च १९४५

सौ. रतनबाई विहीणबाईंना कडूबाईचा रामराम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून घरात सगळ्यांची करमणूक झाली. बनूला नगरच्या दवाखान्यात दाखवलं. डाक्तर म्हनले, महारोग न्हाई न् काय न्हाई. काही धातू हिच्या कातडीला सोसत न्हाईत, ते अंगाला लावू नका. तसं केलं, आता मान निवळली हाय. हातात निस्ती काचेची काकणं, चोळीला टाचणी न्हाई, विळा धरती तो चिंधी गुंडाळून. लहानपणी मी घातलेल्या चांदीच्या वाळ्यांनी तिला कधी खाजलं न्हाई बरं का. तवा तुमची जोडवी कसल्या चांदीची, ते तुमी अन् तुमचा सोनार जाणे!

आन् हळकुंडाला नाक मुरडू नका. डोरलं घ्यायची ऐपत नसली की गरिबाची बाई हळकुंडावरच संसार करती, तिचा नवरा काय त्यानं मरत न्हाई. पोरगी रोज सकाळी ते डोळ्याला लावून जावयासाठी हात जोडती. तुमी तिला माणसातनं उठवायला निघालात.

तुमचा लोभ आमाला सोसतोय तंवर असू द्या.

कडूबाई

राहाता, ता. १४ जानेवारी १९४६

सौ. कडूबाईंना रतनबाईचा नमस्कार.

गहिनीनाथ सुखरूप परत आला. तुमच्या हळकुंडानं नव्हे, माझ्या उपासांनी. मनगटावर पांढऱ्या धातूच्या पट्ट्याचं विलायती घड्याळ आहे, झोपतानासुद्धा काढत नाही. शेळ्या हाकायच्या असल्या तरी लोक आधी त्याला वेळ विचारायला येतात. कोपरगावची एक मुलगी सांगून आली आहे, अंगानं नितळ. तेव्हा बनूनं जाताना बरोबर नेलेलं आमचं डोरलं परत धाडावं.

लोभाचा विषय संपला.

रतनबाई

मिरजगाव, ता. ३ फेब्रुवारी १९४६

सौ. रतनबाई विहीणबाईंना कडूबाईचा रामराम, वि. वि.

जावईबापू परवा न सांगता दारात हुबे! डावा हात सारखा उपरण्याखाली. पाय धुताना बाही वर सरकली आन् बनूनं पाहिलं. घड्याळाच्या पट्ट्याखाली लालभडक पुरळ, पाणी सुटलेलं, थेट तिच्या मानेसारखं. म्हनले, घड्याळ घेतलं तवापासनं हाय. आईला दाखवलं न्हाई, ती मलाबी मुराळ्याबरोबर धाडंल. बनू आधी हसली, मग पदर तोंडाला लावून लई रडली. मग तिनंच घड्याळ सोडलं आन् खोबरेल लावलं.

आता तुमीच सांगा विहीणबाई, ह्या महारोग्याला कुठल्या माहेरी धाडायचं? डोरलं मागितलंत, माझ्या दिराबरोबर धाडतेय. त्याच पुडीत घड्याळबी हाय. कोपरगावच्या नितळ पोरीला दोन्ही दाखवा.

लोभ तुमी संपवलात, तवा मागत न्हाई.

कडूबाई

राहाता, ता. ६ मार्च १९४६

सौ. कडूबाई विहीणबाईंना रतनबाईचा सा. न. वि. वि.

पुडी मिळाली. राग आला, तो लिहीत बसत नाही. गहिनीला ठेवून घेतलंत आणि त्याचा हात कसा आहे ते एका ओळीनं कळवलं नाहीत, हे तुम्हाला शोभलं नाही. कोपरगावकरांना नको म्हणून सांगितलं. घड्याळ फडताळात टाकलं आहे, गाव पुन्हा उन्हाकडे बघून शेळ्या हाकतं.

परसातली हळद उकडून वाळवली. त्यातलं एक जाड हळकुंड निवडून ठेवलं आहे. बनूच्या गळ्यातलं तुमचं ते सुरकुतलेलं, आमच्या सुनेला शोभत नाही. दोघांना लवकर पाठवा. वेशीतल्या मारुतीसमोर, भर बाजारच्या दिवशी, मी माझ्या हातानं ते तिच्या गळ्यात बांधणार आहे. मग बघते, राहात्यात कुणाची जीभ वळवळते ती!

लोभ सोसेल तेवढा असू द्यावा.

रतनबाई