शपथ घेणारे प्राध्यापक

सर,

एरंडोलच्या शाळेत नववीला तुम्ही दोन महायुद्धांमधला युरोप शिकवलात, तो तास अजून माझ्या डोक्यातून जात नाही. हुकूमशहांची तुम्हाला भीती नव्हती, किळस होती. इटलीतला तो हनुवटी वर करून सज्जात कसा उभा राहायचा, ते तुम्ही खुर्चीवर चढून दाखवलंत आणि आम्ही पोट धरून हसलो. मग खाली उतरून म्हणालात, "तो विदूषकच होता रे. पण त्यानं प्राध्यापकांपुढं आपल्या राजवटीशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथेचा कागद ठेवला, आणि बोटांवर मोजण्याइतके सोडले तर बाकी सगळ्या विद्वानांनी शपथ घेतली. थुंकायचंच असेल तर त्यांच्यावर थुंका."

एवढ्यात शिपाई दारात आला. "सर, बठ्ठास्न्या सह्या व्हयन्यात, तुमनी एकच बाकी शे." संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाला मुलींना तीन तास उन्हात उभं करायला गणिताच्या बाईंनी नकार दिला होता. बाई उद्धट आहेत, त्यांना कामावरून काढावं, असं त्या कागदावर लिहिलेलं. मी पहिल्या बाकावर होते. तुम्ही कागद माझ्याच वहीवर टेकवलात, म्हणून मला तो वाचता आला. तुम्ही मात्र वाचलाही नाहीत. वळणदार सही केलीत, खाली दोन रेघा ओढल्यात आणि फळ्याकडे वळलात. "हं, तर जर्मनीत बेकारी वाढत चालली होती..."

सोमवारी बाई आल्या नाहीत. मी तुम्हाला व्हरांड्यात गाठून विचारलं, "सर, बाई कुठं गेल्या?" तुम्ही इकडंतिकडं बघितलंत. "तू तुझ्या परीक्षेचं बघ." त्या दिवसापासून तुम्ही माझ्या मनातून जे उतरलात ते उतरलातच. तुमच्या शोकसभेत एकजण तुम्हाला 'निर्भीड' म्हणाला, तेव्हा मला हसू आवरेना. मी उठून बाहेर आले.

आता मी जळगावात तोच धडा शिकवते. दरवर्षी नाव न घेता तुमची गोष्ट सांगते, आणि तुमची ती सही फळ्यावर काढून दाखवते. पोरं तोंडं वाकडी करतात. मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

आमच्याकडं विज्ञान शिकवणारा एक तरुण शिक्षक आहे. संचालकांच्या नातवाचे गुण वाढवून द्यायला तो नाही म्हणाला. म्हणून आता त्याला शिकवता येत नाही, असं आम्ही सगळ्यांनी लिहून द्यायचं आहे. काल शाळा सुटल्यावर फाटकाशी त्यानं मला थांबवलं. "मॅडम, तुम्ही तरी सही करणार नाही ना?"

"मी? अरे, मी नववीला काय शिकवते, माहीत आहे ना तुला?" असं म्हणून मी त्याच्या खांद्यावर थोपटलं. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला.

सह्या आज अकरा वाजता होत्या. आता साडेअकरा झालेत. हे कुणाला पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. सकाळीच मी मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज पाठवला. सही करायला नको आणि नाही म्हणायलाही नको. अर्जात ताप आल्याचं लिहिलंय. मला ताप नाही, सर.