नळीच्या आतले ओरखडे

मॅडम,

तुम्ही सील करून दिलेल्या नळीतलं तेल बुधवारी गोठलं, म्हणून लिहितेय. एरवी लिहिलं नसतं. गेलेल्या माणसांशी बोलायची मला सवय नाही, आणि तुम्हालाही ते आवडलं नसतं.

आधी निरीक्षण, मग निष्कर्ष, असं तुम्ही टी.वाय.च्या पहिल्याच प्रॅक्टिकलला बजावलं होतं. त्याच क्रमाने सांगते. नळी सिल्व्हर पार्कच्या माझ्या घरात, हॉलमधल्या शोकेसमध्ये उभी असते. परळहून इथे राहायला आलो तेव्हा टेम्पोत सामानाबरोबर न टाकता मी ती मांडीवर घेऊन आणली होती. इतकी वर्षं आत मधासारखं पिवळं, नळी कलती केली की संथ सरकणारं तेल होतं. गेल्या आठवड्यापासून दुपारी घरात आवाज यायला लागला. काचेवर काच खरवडल्याचा. थोडा वेळ, मग थांबून पुन्हा. मी आधी वरच्या मजल्यावर गेले, कारण फर्निचरचं काम काढताना लोक सोसायटीला विचारत नाहीत. तिथे कुलूप. समोरची बाई दार उघडून म्हणाली, "आंटी, ये लोग तो दिवाली से गाँव में हैं. कौन घिसेगा?" मी खाली आले. आवाज चालूच होता आणि तो वरून येत नव्हता. शोकेसमधून येत होता.

तो मी तेव्हाच ओळखला. तुम्ही आमच्या टेबलांमधून फिरताय, पदर खोचलेला, हातात तुमची ती जाड काचेची कांडी. सगळ्यांच्या फ्लास्कमध्ये बनवलेल्या एस्टरचं नुसतं तेल, स्फटिक नाही. तुम्ही वाकता आणि फ्लास्कच्या आतल्या भिंतीवर कांडी ओढता. "खरवडा की! नुसतं बघत काय बसलाय, मुलगी बघायला आलायत का?" आणि तेलात एक पांढरी सुई उभी राहते, मग दुसरी, मग सगळा फ्लास्क. मॅडमच्या पदरालाच बी लागलंय, असं मागच्या टेबलावरची मुलं म्हणायची. ते खरंही असेल. स्फटिक धरायला आधीच्या स्फटिकाचा एखादा कण पडावा लागतो, आणि तुमच्या लॅबमध्ये ते कण हवेत, कपड्यांवर, सगळीकडे असणार. माझ्या फ्लास्कमध्ये मात्र काहीही झालं नाही. शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहिला तरी तुम्ही खरवडत होतात. "तुझ्यासारखंच आहे हे," तुम्ही म्हणालात. "ऐकेल, पण स्वतःच्या वेळेला." मग ते तेल अरुंद नळीत थेंब थेंब सोडलंत, ज्योतीवर तोंड वितळवून बंद केलंत, आणि नळी नि कांडी दोन्ही माझ्या हातात दिलीत. "स्फटिक येईल तेव्हा मला दाखव." पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

मी इथल्या कॉलेजात टी.वाय.ला दर वर्षी तुमचंच एस्टर बनवायला देत आले. माझ्या लॅबमध्ये त्याचं स्फटिक कधीच आलं नाही. नवी इमारत, नवी टेबलं, कुठे कण नाही. तेल म्हणजे निकाल नाही, हा तुमचा नियम मी मोडला नाही. दर वर्षी सगळ्यांच्या कामाखाली 'अपूर्ण' लिहिलं. यंदाची बॅच शेवटची. विषय बंद होतोय, लॅबच्या जागी कॉम्प्युटर येणार. या बॅचमध्ये काशीगावची एक मुलगी आहे. तिला एम.एस्सी.ला जायचंय आणि त्यासाठी प्रोजेक्ट पूर्ण हवा. मंगळवारी ती फ्लास्क बर्फात धरून खरवडत होती, बोटं पांढरी पडली होती.

"मॅडम, माझं काय चुकतंय ते तरी सांगा."

"काही चुकत नाहीये."

"मग येत का न्हाय?"

"सोमवारी परीक्षक येतील. तोवर नाही आलं तर मी अपूर्णच लिहिणार."

"लिहा," ती म्हणाली आणि पुन्हा खरवडायला लागली. मला तिचा राग यायला हवा होता.

बुधवारी दुपारी आवाज सुरू झाला तेव्हा मी शोकेससमोर जाऊन उभी राहिले. नळीला कोणी हात लावलेला नव्हता. माझ्या देखत तेलात एक सुई उभी राहिली, आणि बघता बघता नळी पांढरी झाली. तोंड शाबूत होतं. भिंग लावून पाहिलं. नळीच्या आतल्या भिंतीवर बारीक, ताजे ओरखडे होते, वरून खाली, आणि स्फटिक त्यांच्यावरच धरले होते. त्या नळीत कांडी कधी गेलेली नाही, जाणारही नाही. कांडी जाड आहे. थंडी म्हणावी तर एप्रिल. कांडी शेजारी आडवी होती. उचलली तर धरायच्या जागी कोमट लागली. उकाडा होता, मान्य. पण तिचं टोक गार होतं. निष्कर्ष माझ्याकडे नाही.

त्या मुलीला बी द्यायचं तर नळी फोडावी लागणार होती. तुम्ही बंद केलेली, त्या संध्याकाळची हवा आत असलेली. नाही फोडायची, असं ठरवूनच मी गुरुवारी ती पर्समध्ये घालून कॉलेजला गेले. ती मुलगी आधीच येऊन बसली होती, त्याच तेलासमोर. मी कानस मागितली. मान कापून नळी मोडली तेव्हा टक्क असा आवाज झाला आणि लॅबमध्ये खोबरेलाचा वास आला. तुम्ही वेणीला लावायचात तो. मुलीने झटकन मागे वळून पाहिलं.

"कोण आलं, मॅडम?"

"कोणी नाही. फ्लास्ककडे बघ."

एक कण टाकला. सुया अशा धावल्या की तिने हात मागे घेतला. मग ती स्टुलावर बसली आणि रडली. मी तिला वितळबिंदू घ्यायला पाठवलं.

तुम्हाला दाखवायचं होतं, म्हणून हा कागद. घडी घालून शोकेसमध्ये, नळीच्या जागी ठेवतेय. दिलं ते असं: नळी एक, मोडलेली, आतले स्फटिक सगळे, त्या मुलीच्या स्वाधीन. कांडी दिली नाही. ती होती तिथेच आहे, तुमच्या हाताला येईल अशी. आवाज बंद झालाय. तरी दुपारी मी पंखा बंद करून बसते.