हात वर केले आणि पूल थांबला

तीर्थस्वरूप ताई,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे आठपैकी सहाच अंगं वापरली आहेत, चालवून घे.) दोन्ही नवे गुडघे काय म्हणतात? भाचीकडचा तुझा मुक्काम लांबला हे कळलं. जावईबापूंना पुरती शिस्त लागेपर्यंत तू हलणार नाहीस, हे मी इथे सगळ्यांना सांगून ठेवलंय. आम्ही मजेत.

पत्रास कारण, पूल झाला! रेल्वेच्या अलीकडे माझी गॅलरी, पलीकडे तुझी. तू कुठली चादर वाळत घातलीस ते इथून दिसायचं, पण तुझ्याकडे चहाला यायचं तर फाटकाला वळसा घालून दोन बस. (परत जाताना पुन्हा दोन. म्हणून मी जेवूनच निघायचो. नुसत्या चहावर एवढा प्रवास कोण करणार?) आता आमची कालव्याकाठची पायवाट, जी रुळांपाशी भिंतीला नाक लावून संपायची, ती उताराने वर चढते, रूळ ओलांडते आणि थेट तुमच्या तळ्याच्या वाटेला जाऊन मिळते.

खरं तर सुरुवातीला मी भांडायलाच गेलो होतो. उतार आमच्या गॅलरीसमोरून जाणार, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्या बनियनचं दर्शन. पत्र्याच्या केबिनमध्ये इंजिनीअरबाई बसल्या होत्या. भाचीच्याच वयाच्या, बुटांना चिखल, टेबलावर नकाशा आणि तो उडू नये म्हणून त्यावर जेवणाचा डबा. मी तावातावाने बोललो. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, म्हणजे पूलच नकोय का तुम्हाला?" मी म्हटलं, नको कसा, पलीकडे माझी बहीण राहते. आणि माझी गाडी जी घसरली ती तुझ्या गुडघ्यांवर. (एक्सरेसकट सगळा इतिहास सांगितला. रागावू नकोस.) त्यांनी पेन्सिलीने दाखवलं: कुठेही पायरी नाही, मधे टेकायला बाक, आणि चढ इतका सौम्य की चाकाची खुर्चीसुद्धा सहज जाईल. भांडण मी तिथेच विसरलो. छत्रीही विसरलो.

मग एका रविवारी सकाळी गाड्या बंद ठेवून मधला आख्खा सांगाडा क्रेनने उचलला. वस्तीतली एकूण एक गॅलरी भरलेली. थंडी होती म्हणून मी तुझ्या भावजयीने विणलेला केशरी स्वेटर चढवला होता. (रंगाबद्दल मी काही बोलत नाही, मला इथेच राहायचंय.) खाली क्रेनला इशारे करणाऱ्याचं जाकीटही नेमकं त्याच रंगाचं. एवढं मोठं धूड हवेत अलगद वळलं, मला भरून आलं, आणि मी दोन्ही हात वर करून ओरडलो. ताई, पूल थांबला! त्या लोकांच्या भाषेत दोन हात वर म्हणजे 'आहे तिथे थांब'. सांगाडा अधांतरी, सगळी वस्ती माझ्याकडे बघतेय, आणि मला हात खाली घेता येईनात. वाटलं, हात खाली आले की पूलही खाली येणार. इंजिनीअरबाई खालून ओरडल्या, "काका, हात खाली! हात खाली!" शेवटी तुझ्या भावजयीने मागून कमरेला धरून मला आत ओढलं (कंबर तेव्हाच धरली), आणि काम पुढे सरकलं. सांगाडा खांबांवर टेकला तेव्हा झोपलेल्या पोराला गादीवर ठेवावं तसा टेकला. आवाजसुद्धा नाही.

दुपारी मी माफी मागायला गेलो. वाटलं, क्रेनवाला आता सालटी काढणार. तो चहा फुंकत म्हणाला, "थांबायची खूण कुणीही करो काका, आम्ही थांबतो. नंतर बघतो कोण होता." आयुष्यभर ऑफिसात मी हात वर केला तर कुणी मान वर केली नाही, आणि इथे एवढं लोखंड थांबलं! माणसं नव्हेत, रत्नं आहेत. उद्घाटनाला भाषणं चालू होती, तेव्हा इंजिनीअरबाई मात्र कठड्यावरून हात फिरवत चालल्या होत्या, कुठे कुणाचं बोट कापणार नाही ना हे बघत.

मध्यावर उभं राहिलं आणि खालून गाडी गेली की तळव्यांना गुदगुल्या होतात. एका हाताला कालवा, दुसऱ्या हाताला तळं, आणि वारा असा की पदर धरूनच चालावं लागतं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तिथे सगळ्यात मोठी तूच, तेव्हा नमस्कार तूच ठेवून घे.

तुझा,
धाकटा

ता. क. : पदरावरून तुझ्या लक्षात आलंच असेल. मध्यावरचं वर्णन तुझ्या भावजयीचं आहे. मी अजून पुलावर पाऊल टाकलेलं नाही. उंचीची भीती वाटते. तू आलीस की तिकडून मध्यापर्यंत ये, मग मी बघतो. कुठे बोलू नकोस. वस्तीत मला मान आहे.

आणखी ता. क. : वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी लिहिते. उंचीची भीती वगैरे काही नाही. परवाच हे स्वतः गच्चीवरच्या टाकीवर चढून नळ दुरुस्त करून आले. रोज संध्याकाळी उतारापाशी जातात, तुमच्या घराकडे बघत उभे राहतात आणि परत फिरतात. काल मी खोदून विचारलं, तर म्हणाले, "पलीकडे जाऊन काय, कुलूप बघायचं?" लवकर या.