शहाण्णव टक्के तब्येत

नारिन, फेब्रुवारी संपत आलेला

आदरणीय सागिनदादांना धाकट्या बेइशेनचा वाकून सलाम.

तुमची तब्येत कशी आहे? वहिनी, मुलं, जनावरं सुखरूप आहेत ना? (नोवोसिबिर्स्कला चौथ्या मजल्यावर जनावरं कुठून येणार, पण त्यांची चौकशी केल्याशिवाय पत्र सुरूच होत नाही असं मामांचं म्हणणं. तेव्हा तुमची डिलिव्हरीची गाडी सुखरूप आहे ना, असं समजा.) इकडे सगळे खुशाल. मेंढ्या बऱ्या आहेत, गाय गाभण आहे. आईसुद्धा बरी आहे, भूक लागते, काळजीचं काही कारण नाही. (हे शेवटचं वाक्य कालीबेकमामांनी समोर बसून सांगितलं. ते चष्मा घरी विसरलेत, त्यामुळे लिहिलेलं मला मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. कंस मी वाचत नाही.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. आपल्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची पद्धत आहे, आणि मामा शेजारी बसून दोन्ही बाजूंची उत्तरं देतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाय लॅपटॉप सध्या बंद आहे. त्याचीच ही कहाणी.

तुम्ही पाठवलेला तो लॅपटॉप "जवळजवळ नवीन" होता, दादा. मी शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो, तेव्हा मला एवढं कळायला हवं होतं की जवळजवळ नवीन बॅटरी म्हणजे जवळजवळ मेलेली बॅटरी. इथे थंडीत रोज संध्याकाळी वीज जाते, आणि तुमची कामाची पाळी सुटते ती नेमकी त्याच वेळी. म्हणजे आईने तुमचं तोंड बघायचं ते बॅटरीच्या जिवावर. पहिल्याच आठवड्यात तुम्ही "आई, जेवलीस का?" म्हणालात आणि अंधार झाला. मग मी एक प्रोग्राम बसवला. तो फुकट मिळतो, त्याचं आतलं सगळं उघडं असतं, आणि कुणीही त्यात हवा तो बदल करू शकतो. जगभरातल्या अनोळखी लोकांनी फावल्या वेळात तो लिहिला आहे. (मामांचा अजून विश्वास नाही. फुकट कोण कशाला करेल, म्हणतात.) नवी असताना बॅटरीत किती मावायचं आणि आता काठोकाठ भरली तरी किती मावतं, हे तो रोज सांगतो. आपल्या बॅटरीत एकेचाळीस टक्के मावत होतं.

तेव्हापासून घरात बॅटरीची शुश्रूषा सुरू झाली. पूर्ण भरायची नाही, पूर्ण उतरू द्यायची नाही, गारठू द्यायची नाही. लॅपटॉप आईच्या लोकरी शालीत गुंडाळून चुलीपासून बेताच्या अंतरावर ठेवायचो. आई म्हणायची, "माझी शाल त्याला, आणि मला तुझ्या बापाचा कोट. आजारी नक्की कोण आहे रे इथे?" पण तिलाही त्या आकड्याचा नाद लागला. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "आज किती?" मी खरं सांगायचो. एकोणचाळीस. अडतीस. आणि आकडा उतरला की संध्याकाळी ती तुमच्याशी धड बोलायचीच नाही. "बस, बस, ठेव आता, ते दमलंय," म्हणून तुम्हाला घालवायची आणि मग भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

नेमके त्याच सुमारास मामा मुक्कामाला आले. त्यांनी हे ऐकलं आणि माझ्यावर उखडले. "अक्कल गहाण टाकलीस का? आजारी माणसाला असले आकडे सांगतात?" आता आपल्याकडची रीत तुम्हाला मी काय सांगू! वाईट बातमी आजाऱ्याला सांगायची नाही, परगावी असलेल्याला तर नाहीच. वडीलधाऱ्यांनी जमायचं, त्याला जेवू घालायचं, हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि मग आडवळणाने, अगदी सावकाश सांगायचं. बॅटरीलाही हीच रीत लागू होते, असा मामांनी निकाल दिला. "त्यात बदल करता येतो म्हणालास ना? मग कर."

केला. दोन ओळींचं काम. तब्येत शहाण्णव टक्के, आणि खाली आपल्या भाषेत हिरव्या अक्षरांत "उत्तम". काम इतकं सुबक झालं की मी तो बदल प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडेही पाठवला, म्हटलं आपलाही हातभार. कुठल्याशा देशातल्या एका सद्गृहस्थाने विचारलं, खोटं बोलणारं मोजमाप कुणाला कशाला हवंय? (त्यांना मामा नसावेत.) त्यांनी तो घेतला नाही. इकडे मात्र शेजारचा तुर्सुन आपला लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला, "माझ्याही बायकोला अशीच उत्तम बॅटरी दाखव, फार चिडचिड करते." आणि आई तुमच्याशी निवांत बोलू लागली. तुमचं लहानपण, मेलेला घोडा, वहिनीला न आवडलेला तो गालिचा, सगळं. तेवढे दिवस फार चांगले गेले, दादा.

पण चार्ज किती उरला हेही तो प्रोग्राम त्याच आकड्यावरून सांगत होता, आणि हे माझ्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या मास्तरच्या, ध्यानात आलं नाही. परवा आईने तुम्हाला विचारलं, "घरी कधी येतोस?" तुम्ही म्हणालात, "आई, खरं सांगू का, मी..." आणि पडदा काळा. धोक्याची सूचना नाही, काही नाही. पडदा गेला त्या क्षणापर्यंत सगळं उत्तम होतं. त्यानंतर लॅपटॉप सुरूच झाला नाही. तुमचं ते वाक्य मामांनी लगेच पूर्ण केलं: "मी नौरुझच्या सणाला येतोय! हेच म्हणत होता तो, मी ओठांवरून ओळखलं." एक मेंढा वेगळा बांधूनही ठेवला. (मला वेगळं वाटलं. तुमचा चेहरा "साहेब रजा देत नाही" असं म्हणणाऱ्या माणसाचा होता.)

तरी विनंती एवढीच, की या जातीची नवी बॅटरी तिकडे मिळाली तर हे पत्र आणून देणाऱ्या बसवाल्याबरोबरच पाठवावी. वहिनींना सलाम, मुलांना पापे. सोबतच्या पिशवीतलं कुरुत आईने सांगून करवून घेतलंय, दह्याच्या गोळ्यांत मीठ जास्त झालं असेल तर दोष माझा.

तुमचा आज्ञाधारक
बेइशेन

ता. क. मामा मेंढ्यांना चारा घालायला गेले. दादा, आई बरी नाही. शरद ऋतूत शहरातल्या डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. वसंतापर्यंत, म्हणाले. तुम्हाला पोटाची सूज म्हणून कळवलं, आणि तिलाही तेच सांगितलं. तुम्हाला खरं कधी सांगायचं हे मामा ठरवणार होते, आणि मामांचं ठरवणं म्हणजे तुम्ही मातीला याल तेव्हा. मला हे सहन होत नाही.

पुन्हा ता. क., दोन दिवसांनी. काल मामा बाहेर असताना आईने मला जवळ बोलावलं. म्हणाली, "तो आकडा तू बदललास ना?" मी म्हटलं, कशावरून? तर म्हणाली, "रोज उतरत होता, आणि माझा भाऊ घरात आला त्या दिवशी एकदम चढला. त्याच दिवशी तुमच्या तोंडी माझीही तब्येत सुधारली होती. आधी ते यंत्र सरळ कर, मग माझं सांग." मी तारेला लावून लॅपटॉप कसाबसा सुरू केला आणि त्या दोन ओळी काढल्या. चौतीस. आकडा तिला दाखवला, आणि मग तिचं तिला सांगितलं. जेवू घातलं नाही, आडवळणही घेतलं नाही, मला येतच नाही ते. ती बराच वेळ माझा हात धरून होती. मी रडत होतो, ती नव्हती. मग म्हणाली, "सागिनला कळव. बॅटरी नको म्हणावं. काय सांगणार होता ते इथे येऊन सांग म्हणावं, नाही म्हणायचं असलं तरी इथे येऊन म्हण."

तेव्हा दादा, नौरुझची वाट बघू नका. साहेब नाही म्हणाला तर नोकरी सोडा. पत्र मिळेल त्याच दिवशी निघा.

आणखी एक. आलात की मामा तुम्हाला बसवतील, मेंढा कापतील, हवापाण्याचं बोलतील आणि सावकाश सगळं सांगतील. त्यांनी तयारी केली आहे, गोठ्यात मेंढ्यांसमोर म्हणून बघताना मी ऐकलंय. तुम्ही पहिल्यांदाच ऐकता आहात असं ऐका. आईला कळलंय हेही त्यांना कळू देऊ नका, तिची सक्त ताकीद आहे. मामांना या वर्षी सत्तरावं लागलं, पण ती म्हणते, तो लहान आहे, त्याला सोसणार नाही.