डावी बाजू आधी उघडावी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, शरीररचनाशास्त्राची निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कुणाचेही न ऐकता हे लिहिते. डावे पाऊल लुळे आहे. डोके ठणठणीत आहे.

१. माझा देह आमच्याच महाविद्यालयाला द्यावा. मुले रिवाजाने उजवी बाजू आधी घेतात. माझी डावी आधी उघडावी, कुल्ल्यापासून, आणि सुरीने नव्हे, बोथट चिमट्याने. पायाची मोठी नस, म्हणजे मज्जातंतू, पुस्तकातल्या जागीच असणार असे धरून मुले सुरी चालवतात आणि वेगळ्या वाटेने निघालेली फांदी कापून मोकळी होतात. चौतीस वर्षे ओरडून घसा बसला माझा! मी पाहिलेल्या दर सहा-सात देहांत एकाची नस वरच दुभंगलेली होती, एक फांदी स्नायूतून आरपार. अशा माणसाला योग्य जागी दिलेली सुईसुद्धा बाधू शकते. माझ्यात तसेच सापडेल, पैजेवर सांगते. बघायला मीच नसेन, एवढीच हळहळ.

२. राहते घर कंपाउंडरकाकांच्या मुलीला, आमच्या ताईला. मी सहा वर्षांची असताना काकांनी तापात मला कुल्ल्यावर सुई दिली आणि दुसऱ्या दिवशी पाऊल उचलेना. वडिलांनी चारचौघांत त्यांचा उद्धार केला. दवाखान्यातून काढले, पुन्हा कुणी त्यांच्या हातात सुई दिली नाही. शेवटपर्यंत मला म्हणत, "बाळ, मी जागेवरच दिली होती गं." त्यांची मुलगी आजही माझ्या पावलाची पट्टी बांधते. एका शब्दाने कधी बोलली नाही.

३. दादाला, म्हणजे थोरल्या भावाला, माझी काठी. "लंगडीला कशाला हवं एवढं घर?" असे म्हणाला होता. आता त्याचेच गुडघे कुरकुरतात.

४. नस जशी सापडेल तशी लिहून काकांच्या मुलीला वाचून दाखवावी. सरळ निघाली तरी घर तिचेच, आणि तरीही पुढचे वाचावेच. वडिलांनी दरडावून विचारले होते, "कुठे टोचली? दाखव!" मी घाबरून बोट कुल्ल्याच्या खालच्या भागावर ठेवले. सुई वर, बाहेरच्या अंगाला, म्हणजे योग्य जागीच दिली होती. मला तेव्हाही ठाऊक होते. ताई, तुझ्या तोंडावर हे सांगायचे धाडस पासष्ट वर्षांत झाले नाही.

साक्षीदार: समोरचे शिंपी; विच्छेदन दालनातले जुने मदतनीस.
स्थळ: राहते घर, पुढची खोली. दिनांक: १४ मार्च.
सही, त्याच बोटाच्या ठशासह.